बारा वाजल्यावर तेरावा होल

रविवारी पहाटे उठून मी गोल्फ खेळायला जाते, असं ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पँट्रीत क्षणभर शांतता पसरली. मग एकदम सुरू झालं. ‘आयला, पॅकेज किती वाढलं गं तुझं?’ ‘गोल्फ म्हणजे ते रिटायर्ड कर्नल लोक खेळतात तेच ना?’ आणि एका महाभागाने तर डोळा मारत विचारलं, ‘बॉसबरोबर जातेस वाटतं?’

तर मंडळी, आधी खुलासा. पॅकेज होतं तेवढंच आहे. बॉसला गोल्फ येत नाही. मी खारघरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, पनवेल-ठाणे लोकलला लटकून ऐरोलीला जाते आणि महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर ऑफिस कँटीनचं जेवण मला अचानक आवडायला लागतं. थोडक्यात, तुमच्यातलीच एक. फक्त आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, सिडकोने केलेला गोल्फ कोर्स आहे. खारघर व्हॅली गोल्फ कोर्स. पांडवकड्याचा धबधबा त्याच बाजूला. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की आपण नवी मुंबईत आहोत हे स्वतःलाच पटवून द्यावं लागतं. आणि हा काही पिढ्यान्‌पिढ्यांची मेंबरशिप लागणारा क्लब नाही. पैसे भरा, कॉलरवाला टी-शर्ट घाला आणि खेळा.

पण मी तिथे हौसेने गेले नव्हते. मला तिथे ओढून नेण्यात आलं होतं. त्याला कारण झाला एक फायनल राउंड. गोल्फचा नव्हे हं, नोकरीचा!

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका मोठ्या कंपनीचे इंटरव्ह्यू चालू होते. पहिला राउंड टेक्निकल, सही गेला. दुसरा मॅनेजरबरोबर, त्याहून सही. तिसऱ्या राउंडला समोरच्या बाई इतक्या खूश झाल्या की शेवटी म्हणाल्या, ‘आता एकच राउंड उरलाय, फॉर्मॅलिटी आहे.’

बस्स. हा एक शब्द मला नडला.

त्या दिवसापासून चौथ्या राउंडपर्यंत पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी काय काय केलं सांगू? आईला फोन करून सांगितलं. आईने मावशीला सांगितलं, मावशीने उरलेल्या महाराष्ट्राला. नवा पगार हातात किती येईल याचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला. बाबांच्या घराच्या कर्जातले किती हप्ते मी उचलू शकेन, तेही काढलं. खरं सांगायचं तर तो हिशेबच महत्त्वाचा होता. बाबांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती आणि कर्जाला सहा. त्या नोकरीने ते गणित सुटत होतं. माझ्या डोक्यात ते सुटूनही गेलं होतं. राहिली होती फक्त फॉर्मॅलिटी.

फायनल राउंड व्हिडिओ कॉलवर होता. समोर तीन चेहरे. पहिला प्रश्न माझ्याच प्रोजेक्टवरचा. दोन वर्षं मी तेच काम करत होते, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. हे वाक्य बरोबर आहे ना? हा शब्द फार साधा वाटला का? मी फार भरभर बोलतेय का? मी थांबले. वाक्य बदललं. पुन्हा थांबले. मग डोकं कोरं. स्क्रीनवरचे तीन चेहरे सभ्यपणे वाट बघतायत, आणि मला माझ्याच प्रोजेक्टचं नाव आठवेना!

तीन दिवसांनी मेल आला. मजकूर तुम्हाला पाठ असेलच, सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो.

त्यानंतरचे काही आठवडे मी घर-ऑफिस-घर एवढंच केलं. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. न्हावाशेवाच्या बंदरात नोकरी करून रिटायर झालेले. त्यांना गोल्फचं वेड. एकदा लिफ्टमध्ये माझा चेहरा बघून म्हणाले, ‘अगं, आजारी आहेस का?’ मी म्हटलं, ‘नाही काका, फायनल राउंडला आउट झाले.’ काका हसले. म्हणाले, ‘मग उद्या सकाळी सहाला खाली ये. फायनल राउंडला आउट झालेल्या लोकांचाच आमचा खेळ आहे.’

अशी मी गोल्फपर्यंत पोचले.

ज्यांना गोल्फचा ग सुद्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगते. अठरा होल असतात. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. लोकलची बोगी नव्हे, पण चुकीची पकडली की दिवस वाया जातो हे सारखंच. अठरा होल म्हणजे एक राउंड. मोठ्या स्पर्धांत गुरुवार ते रविवार असे चार राउंड, सगळ्यांत कमी फटके ज्याचे तो जिंकला. पुरुषांच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात : मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली ओपन.

ऐकायला सोपं आहे ना? मलाही वाटलं. चेंडू तर हलतही नाही! क्रिकेटमध्ये तो ताशी दीडशे किलोमीटरने अंगावर येतो, इथे बिचारा गवतात गप्प पडलेला असतो. पण खरी गोम तिथेच आहे. अंगावर येणाऱ्या चेंडूसमोर विचार करायला वेळ नसतो. पडलेल्या चेंडूसमोर वेळच वेळ असतो. हिशेब करा. एका राउंडला साधारण सत्तर फटके, एका फटक्याला दोन सेकंद धरा. म्हणजे खेळ तीन मिनिटांचाही नाही. बाकी चार-साडेचार तास नुसतं चालायचं. स्वतःच्या डोक्याबरोबर. एकट्याने.

आणि अजून एक छळ. शेवटच्या दिवशी जो पहिल्या नंबरवर असतो त्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. बाकीचे सकाळपासून खेळतायत आणि हा रूमवर बसून दुपार व्हायची वाट बघतोय. नाश्ता घशाखाली उतरत नाही, टीव्ही लावावा तर त्यावर स्वतःचंच नाव. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला माझे ते पाच दिवस आठवले. त्या मुलांनीही एक्सेल उघडत असेल का हो कुणी?

काकांच्या हॉलमध्ये मग माझी शिकवणी सुरू झाली. चहा, खारी आणि जुन्या मेजर स्पर्धांची रेकॉर्डिंग्ज.

पहिला धडा रोरी मॅकिलरॉय. उत्तर आयर्लंडचा कुरळ्या केसांचा पोरगा. २०११ ची मास्टर्स. वय २१. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस हाच पुढे. रविवारी सुरुवात करताना चार फटक्यांची आघाडी. म्हणजे फॉर्मॅलिटी! दहाव्या होलवर त्याचा पहिला फटका इतका डावीकडे गेला की चेंडू तिथल्या कॉटेजेसच्या मध्ये जाऊन पडला. टीव्हीवर एरवी कधी न दिसणारी जागा. त्या होलला तीन फटके जास्त. अकराव्यावर एक. बाराव्यावर दोन. तेराव्यावर मारलेला चेंडू ओढ्यात. तिथे तो क्लबवर हात टेकून, हातावर डोकं ठेवून उभा राहिला. तो फोटो जगभर छापून आला. त्या दिवशी त्याचे ऐंशी फटके झाले. पहिल्या नंबरवरून थेट पंधराव्यावर.

मी ते बघताना उशी घट्ट धरून बसले होते. काका म्हणाले, ‘काय झालं त्याला, सांग बघू.’

मी म्हटलं, ‘घाबरला.’

‘घाबरतात सगळेच. हा राखायला लागला. जे अजून हातात आलेलंच नाही, ते सांभाळायला लागला.’

हे मला तिथल्या तिथे कळलं असं नाही. कळलं ते पुढच्या आठवड्यात, बँकेत. चेकवर सही केली तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘सही जुळत नाही, परत करा.’ आता सही ही गोष्ट आपण हजारो वेळा केलेली असते, न बघता. पण ‘जुळली पाहिजे’ म्हणून नीट, सावकाश, एकेक वळण बघून करायला गेलो की ती कुणा दुसऱ्याचीच होते! मी चार वेळा केली. चारही वेगळ्या. बाई वैतागल्या. मला मात्र रोरीचा दहावा होल समजला.

सायन बाइलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच गोल्फच्या मैदानी भाषेत तपासून पाहिलं. छोट्या अंतरावरून चेंडू होलमध्ये ढकलतात त्याला पट म्हणतात. त्याच्या प्रयोगांत दिसलं ते असं : नवशिक्याने आपल्या फटक्याकडे बारीक लक्ष दिलं तर त्याचं भलं होतं, पण मुरलेल्या खेळाडूने तसं लक्ष दिलं की त्याचं बिघडतं. हाताला जे पाठ झालंय त्यात डोकं लुडबुड करायला लागतं. पुढे २०१० मध्ये त्यांनी या दबावावर ‘चोक’ नावाचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे माझ्याच प्रोजेक्टवर बोलताना माझी बोबडी का वळली, याला शास्त्रीय आधार आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘ते ठीक आहे, पण जेवलीस का?’

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही कुठल्याही मोटिव्हेशनल स्पीकरकडून ऐकली असेल. ‘जास्त विचार करू नका, क्षणात जगा.’ सांगायला काय जातंय! विचार करू नको म्हटलं की तोच येतो. माझ्या खरं कामी आला तो काकांचा दुसरा धडा.

जॉर्डन स्पीथ. अमेरिकन. २१ व्या वर्षी, २०१५ मध्ये, मास्टर्स आणि यूएस ओपन दोन्ही जिंकलेला. २०१६ च्या मास्टर्सला पुन्हा हाच पुढे. रविवारी पहिले नऊ होल संपले तेव्हा पाच फटक्यांची आघाडी. दहाव्यावर एक गेला, अकराव्यावर एक. मग आला बारावा. दीडशे-एक यार्डांचा, दिसायला गोंडस होल, समोर ओढा. तीन फटक्यांत पुरा करायचा. स्पीथचा पहिला चेंडू पाण्यात. पुन्हा मारला, तोही पाण्यात. तिसरा पलीकडच्या वाळूत. एकूण सात फटके! बाराव्या होलवर अक्षरशः बारा वाजले.

मी म्हटलं, ‘बंद करा काका, बघवत नाही.’

काका म्हणाले, ‘खरी मॅच आता सुरू होतेय. तेरावा बघ.’

तेराव्यावर स्पीथने बर्डी केली. ज्याचं दहा मिनिटांपूर्वी होत्याचं नव्हतं झालं, त्या २२ वर्षांच्या पोराने पुढच्याच होलवर एक फटका परत मिळवला. पंधराव्यावर अजून एक. जिंकला नाही. इंग्लंडचा डॅनी विलेट जिंकला. आणि मास्टर्सची रीत अशी, की आदल्या वर्षीच्या विजेत्याने नव्या विजेत्याला हिरवं जाकीट घालायचं. म्हणजे स्पीथनेच! सगळ्या जगासमोर, स्वतःच्या अंगावर आलेलं वाटणारं जाकीट त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर चढवलं. चेहरा पडलेला होता, पण हात थरथरत नव्हते.

काकांनी टीव्ही बंद केला आणि सहज विचारलं, ‘तुझा तो पहिला प्रश्न चुकला. पुढे किती वेळ होता इंटरव्ह्यू?’

मी गप्प. कारण पुढे चाळीस मिनिटं होती. चाळीस! त्या तिघांनी मला अजून सात-आठ प्रश्न विचारले होते. सोपे होते. एकीने तर मला सावरायला मुद्दाम हलका प्रश्न टाकला होता. पण त्यांची उत्तरं देणारी मी तिथे नव्हतेच. मी मनातल्या मनात आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. इतके महिने मी सगळ्यांना सांगत होते, ‘पहिल्याच प्रश्नाला ब्लँक झाले म्हणून गेली.’ तसं नव्हतं. एका प्रश्नाने कुणी नापास करत नाही. मी बाराव्या होलवरून घरी निघून गेले होते.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की बारावं, तेरावं करतात. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, माणसं डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. दुःख संपलं म्हणून नव्हे. सुतकाला कुठेतरी शेवट हवा म्हणून. गोल्फवाल्यांची परिस्थिती आपल्याहून कठीण. त्यांना बारावा आणि तेरावा यांच्यामध्ये मिळतात दोन-चार मिनिटं.

त्यावर काकांचा नियम आहे. फटका चुकला की पुढच्या चेंडूपाशी पोचेपर्यंत काय वाट्टेल ते करा. चिडा, रडा, सिडकोला शिव्या द्या. चेंडूपाशी पोचलात की फक्त तीन प्रश्न : चेंडू कुठे आहे, वारा कुठून आहे, हातात कुठला क्लब घ्यायचा. ‘यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मागच्या होलमध्ये नाही,’ हे काकांचं वाक्य मी मोबाइलवर सेव्ह करून ठेवलंय.

स्पीथने तो नियम पुढच्या वर्षी किती भारी पाळला बघा. जुलै २०१७, इंग्लंडमधलं रॉयल बर्कडेल, ओपन. शेवटच्या दिवशी पुन्हा हाच पुढे, पुन्हा आघाडी वितळलेली. तेराव्या होलवर फटका इतका भरकटला की तिथून मारताच येईना. नियमानुसार एक फटक्याचा दंड घेऊन तो मागे, मागे जात थेट सरावाच्या मैदानावर, उभ्या असलेल्या ट्रकांच्या बाजूला पोचला! वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. समोर दरी दिसत असताना हा शांतपणे विचारत होता, चेंडू कुठे ठेवता येईल, होल किती लांब आहे. तेरावा एका बोगीवर निभावला, आघाडी गेली. आणि मग पुढच्या चार होलमध्ये बर्डी, ईगल (म्हणजे पारपेक्षा दोन कमी), बर्डी, बर्डी. तीन फटक्यांनी जिंकला. २४ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

आणि रोरी? २०११ च्या त्या ऐंशी फटक्यांनंतर बरोबर सत्तर दिवसांनी तो यूएस ओपनच्या शेवटच्या राउंडला उभा होता. पुन्हा आघाडीवर. या वेळी आठ फटक्यांनी जिंकला.

तुम्ही म्हणाल, हे सगळे गोरे हिरो. आपलं कोण? आपल्याकडे आहेत ना. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. मेजरमध्ये भारतीय पुरुषाने इतकी मजल तोवर कधी मारली नव्हती. आणि अदिती अशोक तर आठवत असेलच. ती मेजर नव्हती, ऑलिंपिक होतं. टोकियो, ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली २३ वर्षांची बंगळुरूची मुलगी शेवटच्या राउंडला दुसऱ्या नंबरवर होती. तिची बॅग उचलायला कॅडी म्हणून तिची आई! आदल्या दिवसापर्यंत ज्यांना बोगी फक्त रेल्वेची माहीत होती, ते सगळे पहाटे उठून टीव्हीसमोर. मीही होते. शेवटच्या होलवरचा तिचा लांबचा पट होलच्या बाजूने निघून गेला आणि ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं.

त्या दिवशी मला वाटलं होतं, बिचारी, दबावाखाली कोसळली. आता स्कोअरकार्ड वाचता येतं, म्हणून कळतं. शेवटच्या राउंडला तिने पारपेक्षा तीन फटके कमी घेतले होते. कोसळली-बिसळली काही नाही. ती चांगलं खेळली, दुसऱ्या त्याहून चांगलं खेळल्या. न्यूझीलंडच्या लिडिया कोने त्याच दिवशी पारपेक्षा सहा कमी घेतले, कांस्य तिला गेलं. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. तेरावा नीट खेळला की जाकीट मिळतंच, असला सौदा गोल्फमध्ये नाही. कशातच नाही.

आणि दबावाची ही गोष्ट गोल्फपुरती नाही, हे बघायला तर मला फक्त नेरुळपर्यंत जावं लागलं. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची सेमीफायनल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं टार्गेट. आपली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. त्याच स्पर्धेत तिला मधे एका मॅचला संघाबाहेर बसवलं होतं. मॅच संपल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की या दिवसांत तिला खूप अँग्झायटी होती, ती रडत होती. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेली फायनल मध्यरात्रीनंतर संपली. भारत ५२ धावांनी जिंकला. आमच्या बिल्डिंगमधून फटाक्यांचा धूर निघत होता आणि मला राहून राहून जेमिमाचं ते बोलणं आठवत होतं. म्हणजे भीती गेल्यावर खेळायचं असं नसतंच. ती बरोबर येते. तिला बॅगेत ठेवायचं आणि चालायचं.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिळाला होता. १३ एप्रिल २०२५ ची मास्टर्स. आपल्याकडे सोमवारची पहाट. काकांच्या हॉलमध्ये मी, काका आणि ‘तुम्हा दोघांना वेड लागलंय’ म्हणत चहा करणाऱ्या काकू. रोरी आता ३५ वर्षांचा. २०१४ नंतर एकही मेजर नाही आणि मास्टर्स तर कधीच नाही. दोन फटक्यांची आघाडी. पहिल्याच होलवर दोन्ही गेले! सावरला. पुन्हा पुढे गेला. आणि तेराव्यावर, हातात छोटा क्लब, अगदी सोपा फटका... चेंडू ओढ्यात! चौदा वर्षांपूर्वी ज्या होलवर तो डोकं टेकून उभा होता, तोच होल. काकू म्हणाल्या, ‘आता गेलं.’ चौदाव्यावर अजून एक गेला. पंधराव्यावर झाडांना वळसा घालून असा काही फटका मारला की काकांनी कप आपटला. अठराव्यावर जिंकायला पाचेक फुटांचा पट हवा होता. तोही चुकला! जस्टिन रोझबरोबर प्ले-ऑफ. तोच अठरावा होल पुन्हा. बर्डी. आणि रोरी गुडघ्यांवर. चारही मेजर जिंकणारा इतिहासातला सहावा पुरुष.

वय वाढलं, अनुभव वाढला, तरी चुका त्याच, जागाही तीच! फरक एकच. या वेळी प्रत्येक चुकीनंतर पुढचा फटका मारायला तो हजर होता.

आता माझं. गेल्या महिन्यात आणखी एका कंपनीचा फायनल राउंड झाला. या वेळी एक्सेल उघडलं नाही. आईला सांगितलं नाही (नंतर सांगितलं, ओरडा खाल्ला). आणि तरीही, मंडळी, दुसऱ्या प्रश्नाला मी ब्लँक झाले! तोच कोरा पडदा, तोच स्वतःचा आवाज. कानाच्या पाळ्या गरम. मी टेबलावरचं पाणी प्यायले. जेवढं ते घशाखाली उतरायला लागलं, तेवढं रडून घेतलं, मनातल्या मनात. मग म्हटलं, ‘सॉरी, हा प्रश्न मला पुन्हा सांगाल का?’ त्यांनी सांगितला. चेंडू कुठे आहे? या प्रश्नात. वारा कुठून आहे? त्यांना आकडे हवेत, गोष्ट नकोय. क्लब कुठला? गेल्या वर्षीचं ते एक काम. उत्तर बरं दिलं. तिसरं चांगलं दिलं. पाचव्या प्रश्नाला तर समोरचे हसले, आणि मीही.

नोकरी मिळाली? नाही. दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचे बहुतेक पारपेक्षा सहा कमी झाले असणार.

बाबांचं कर्ज अजून आहे. हप्ता मी आहे त्या पगारातून थोडा उचलते. गणित सुटलेलं नाही, फक्त आता ते मी इंटरव्ह्यूच्या खोलीत बरोबर नेत नाही. त्या दिवशी बेलापूर स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, घरी आले आणि आडवी झाले ती थेट सकाळी उठले. आधीच्या वेळी असं झालं नव्हतं.

कालच्या रविवारी शेवटच्या होलवर माझा दोन फुटांचा पट होता. तो गेला असता तर आयुष्यात पहिल्यांदा मी काकांना हरवलं असतं. मी वाकले, होलकडे बघितलं आणि डोक्यात लख्ख आलं : काकांना हरवतेय! झालं. चेंडू होलच्या कडेला जाऊन थांबला.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी त्यांचा चेंडू होलमध्ये टाकला, माझ्या कार्डावर माझा आकडा लिहिला आणि कार्ड सहीला माझ्यापुढे धरलं.

सही मात्र एका झटक्यात झाली.